भिंगरीची ट्रायल

टेलरची एक खोड होती: ट्रायल घेतल्याशिवाय तो काहीच पक्कं करत नसे. मग तो शर्ट असो, चपला असोत की दाताचा डॉक्टर. लग्नाआधी बायकोलाही तो तीनदा भेटला आणि तिसऱ्या भेटीत मान वाकडी करून म्हणाला, "बसतंय." त्यावर ती अजून हसते.

आता ट्रायल होती लेकीच्या क्लासची. लेक दुसरीतली, एका जागी क्षणभर टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. साडेतीनला शाळा सुटली की ती दुकानात यायची, मशीनशेजारच्या स्टुलावर चढून लोहचुंबकानं टाचण्या गोळा करायची आणि दिवसभराच्या बातम्या द्यायची. तासाभरानं तिची आई बसची शेवटची फेरी संपवून तिला घरी न्यायची. पण आईला आता डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायची जागा मिळत होती. चार वर्षं तिनं या जागेची वाट पाहिली होती. काम सुटणार मात्र सहाला. शुक्रवारी पाचच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"सहापर्यंत गरम इस्त्रीशेजारी पोर ठेवायची नाही," तिनं बजावलं. "परवा तिनं गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले. उद्या बोट शिवेल. अहो, क्लास बघा. तिला तिथं जागा मिळाली तरच मी हो म्हणणार."

"बघतो की. ट्रायल घेतो."

सोमवारी बुद्धिबळ. भिंगरीचा घोडा अडीच घरं सोडून थेट सरांच्या चहात उतरला. "पसंत?" टेलरनं विचारलं. "एकदम पसंत!" पण टेलरला खोलीत उजेड कमी वाटला. मंगळवारी कराटे. ओरडण्यात भिंगरीनं मोठ्या मुलांनाही मागे टाकलं. पसंत! पण सरांच्या बाह्या लोंबत होत्या. ज्याला स्वतःच्या बाह्या आवरत नाहीत तो पोरं काय आवरणार, असं टेलरचं मत पडलं. बुधवारी रोबो. तो भिंतीवर आपटला आणि भिंगरी टाळ्या पिटत सुटली. गुरुवारी नाच. तिथं तर ती क्लास संपल्यावरही जिन्यातून, रस्त्यातून, थेट दारापर्यंत नाचत आली. पसंत, पसंत! पोरीला सगळंच आवडत होतं आणि बाप प्रत्येक ठिकाणी खुसपट काढत होता.

"तुम्हाला क्लास पसंत नाहीत, की तिचं जाणं पसंत नाही?" जेवताना बायकोनं विचारलं.

टेलरनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. ते स्टूल रिकामं दिसेल, हा विचारच त्याला नको होता. पण हे तिला सांगायचं कसं? तिच्या चार वर्षांपुढे एक स्टूल ते काय!

शुक्रवारी उरला सहापर्यंत थांबणाऱ्या मुलांचा, शाळेच्याच हॉलमधला गट. तो सांभाळणाऱ्या ताईंच्या तोंडात कायम शिट्टी असे.

"इथं शिकवता काय?" टेलरनं विचारलं.

"काही नाही. गृहपाठ, खाऊ आणि मग धुडगूस. एकच जागा उरलीय."

भिंगरी केव्हाच एका पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरली होती. खोकं हॉलभर पळत होतं आणि आतून हॉर्न वाजत होता. मागे दहाबारा पोरं प्रवासी होऊन धावत होती. "पसंत?" टेलर ओरडला. उत्तर द्यायला खोकं थांबलंच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पावणेपाच झाले होते. "अहो, डेपोत काय सांगू?"

टेलरनं एक खुसपट शोधलं. पडदा वाकडा होता. मग त्यानं पडद्याकडे पाठ केली. "हो सांग," तो म्हणाला.

फॉर्म भरताना त्याचं लक्ष पोरीकडे होतं, आणि लक्ष नसलं की हात आपले सवयीचंच काम करतात. ताईंनी फॉर्म वाचला. "छाती चोवीस, कंबर बावीस. वाढतं अंग, दोन इंच कापड आत सोडावं. हे काय? आणि फोटोच्या जागी?"

फोटोच्या चौकटीत भिंगरीच्या फ्रॉकच्या आतल्या दुमडीतून कातरलेला निळा तुकडा टाचला होता. माल बदलू नये म्हणून टेलर प्रत्येक पावतीला असा तुकडा लावत असे. ताई इतक्या जोरात हसल्या की शिट्टी वाजली आणि हॉलमधली सगळी पोरं जागच्या जागी गोठली.

"माल रोज सहाला मिळेल," ताई म्हणाल्या.

सोमवारी स्टूल रिकामं होतं. टेलरनं एका शर्टाला कॉलर उलटी लावली, ती उसवली आणि पुन्हा उलटीच लावली. शेवटी पावणेसहालाच दुकान बंद करून, गळ्यात टेप तसाच ठेवून तो शाळेकडे पळाला.

दारात ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मागे चौदा पोरं, आणि चौदाही जणांच्या कपड्याची खालची कड कातरलेली. भिंतीवरच्या कागदावर चौदा नावं, प्रत्येकापुढे एक तुकडा. भिंगरीनं फॉर्मवरची आपली निळी खूण दाखवली होती आणि ताई खाऊ आणायला गेल्या तेवढ्यात कात्रीनं पुढचं काम केलं होतं.

"हे आता कोण शिवणार?" ताईंनी विचारलं.

"मी!" टेलरचा आवाज जरा जास्तच आनंदी निघाला. "उद्या साडेतीनला हातमशीन घेऊन येतो. दोनतीन दिवस तरी लागतील. चारसुद्धा."

मागून बायको आली, डेपोचं नवं जाकीट घातलेली. तिनं भिंत बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि तिला सगळं कळलं.

भिंगरीनं एक बुटकं स्टूल ओढत आणलं आणि बापाला त्यावर बसवलं. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. तिनं त्याच्याभोवती एक गिरकी घेतली आणि मान वाकडी करून बघितलं.

"ट्रायल आहे बाबा. पसंत?"

टेलरचे डोळे भरून आले होते. तो बायकोकडे बघत म्हणाला, "बसतंय."