बारदान कापून

उदगीरच्या धान्यबाजारात, म्हणजे मोंढ्यात, मडिवाळप्पाच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. धान्य तोलण्यात छत्तीस वर्षं घालवलेला मापाडी तो. पोत्याचा कान धरून नुसतं जरा उचललं तरी वजन सांगायचा, आणि काट्यावर किलोभर इकडं-तिकडं तेवढंच भरायचं. पण त्याला प्रश्न पडायचे, आणि एकदा प्रश्न पडला की समोरच्याची खैर नसे. बिस्किटाला भोकं कशाला पाडतात, एटीएममध्ये पैसे संपलेले बँकेला कसं कळतं, रेल्वेच्या डब्यावर आकडे लिहितात ते कोण वाचतं, असल्या चौकशा तो अशा गंभीरपणे करायचा की उत्तर मिळालं नाही तर जणू उद्या मोंढाच उघडणार नाही. त्याची बायको दानम्मा होती तोवर म्हणायची, "जगाची पंचाईत तेवढी करता. घरात मीठ संपलंय ते दिसत न्हाई."

दानम्माला जाऊन अडीच वर्षं झाली. प्रश्न मात्र पडायचे राहिले नाहीत. आता तर नवाच पडला होता, आणि तो विमानाचा होता.

"पाशामियाँ," मडिवाळप्पा म्हणाला, "इमानात बॅग तोलतात म्हने. सात किलोच्या वर चालत न्हाई."

पाशामियाँचं मोंढ्याच्या कोपऱ्यावर बारदानाचं दुकान. बारदान म्हणजे रिकामी पोती. फाटकी घ्यायची, शिवायची, पुन्हा विकायची. तो दाभण ओढत म्हणाला, "हाव. तसंच असतंय."

"मग माणसाला का तोलत न्हाईत? एकाची बॅग सात किलो अन् अंग पन्नास किलो. दुसऱ्याची बॅग सातच, पण अंग सव्वाशे. इमानाला काय कळतंय, वज्जन बॅगचं हाय का पोटाचं?"

"अरे बाबा, माणसाला तोलून बसवायला लागले तर आपल्या मोंढ्यातला एक तरी शेठ उडंल का?"

"ती मस्करी झाली. हिशोब कसा लावतात ते सांग."

"तू उडणारायस, मी न्हाई. जाऊन इचार," पाशामियाँ म्हणाला आणि दोरा दातानं तोडला.

उडायचं कारण होतं उज्वला. मडिवाळप्पाची एकुलती एक लेक, बेंगळूरला दिलेली. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण माहेरी करणार कोण? चुलीशी एकटा बाप, तोही वरणात मीठ घातलं की नाही ते आठवत बसणारा. म्हणून बाळंतपण तिकडंच झालं, सासूनं केलं, आणि ही गोष्ट मडिवाळप्पाला आतून लागून राहिली होती. लेक मात्र एका शब्दानं बोलली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "आप्पा, नाव ठेवायला या. आन येताना आईचा वरवंटा आणा. मला दुसरं काही नको."

त्यांच्यात पाळण्यात आधी बाळ घालत नाहीत. वरवंट्याला न्हाऊ घालायचं, कुंची-झबलं चढवायचं, काजळाची तीट लावायची आणि आधी त्याला पाळण्यात जोजवायचं. वाईट नजर असेल ती दगडावर जावी आणि बाळ दगडासारखं टणक निघावं. उज्वलाच्या वेळेला दानम्मानं हाच वरवंटा घातला होता. पुढं तीस वर्षं त्यावर शेंगदाण्याची चटणी वाटून वाटून तो मधोमध गुळगुळीत झाला होता. दानम्मा गेल्यापासून तो पाट्यावर आडवा पडून होता, कारण मडिवाळप्पा विकतची चटणी आणायचा आणि तीही आठ-आठ दिवस पुरायची.

बारसं दोन दिवसांवर आलं होतं. सुट्ट्यांचे दिवस, रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही. जावयानं नांदेडहून विमानाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून पाठवलं आणि बजावलं, की हातातली एकच बॅग, सात किलोची.

आता सात किलोचं मडिवाळप्पाला कुणी शिकवावं? त्यानं मोंढ्यातल्या काट्यावर एकेक जिन्नस ठेवून सात किलो भरले. वरवंटा तीन किलो नऊशे. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, घरची तुरीची डाळ आणि दोन झबली मिळून तीन किलो शंभर. काटा बरोबर सातावर. मग सगळं पाशामियाँनं शिवून दिलेल्या जाड किंतानाच्या पिशवीत भरलं. पिशवी अशी भक्कम, की तिच्यात म्हशीचं रेडकू बसलं असतं. ती तोलायचं दोघांच्याही मनात आलं नाही. मोंढ्यात माल तोलला की पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदान कापणं म्हणतात. छत्तीस वर्षं ज्यानं शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत बारदान कापलं, त्याला विमानवाले कापणार नाहीत अशी शंका येणार तरी कशी?

सकाळच्या एसटीनं तो निघाला. जळकोटपर्यंत शेजारच्या बाईला विमानाच्या चाकात हवा किती असते ते विचारलं. ती झोपेचं सोंग घेऊन बसली. कंधारला तिच्या जागी दुसरा माणूस आला, त्यानं खिडकीच मागून घेतली.

नांदेडच्या विमानतळावर काउंटरला मनिषा नावाची मुलगी होती. छातीवर नावाची पट्टी, बोलणं गोड. तिनं पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली.

"काका, आठ किलो शंभर होतंय."

"बरोबर," मडिवाळप्पा समाधानानं म्हणाला. "आता बारदान कापा."

"काय कापू?"

"पिशवीचं वज्जन. एक किलो शंभर पिशवी हाय. माल सात किलो चोख. पायजे तर वतून दाखवतो."

मनिषानं त्याच्याकडं बघितलं, मग पिशवीकडं. तिच्या आयुष्यात हा मुद्दा कुणी काढला नव्हता. "काका, आमच्यात पिशवीसकट धरतात."

"हे काय खरं न्हाई," तो म्हणाला. राग नव्हता, नवल होतं. एवढी मोठी कंपनी आणि बारदान कापत नाही म्हणजे काय. "बरं, डाळ काढतो. दीड किलो हाय. तुमच्या घरी न्या, लई मऊ शिजती."

डाळ काढायला त्यानं पिशवी उघडली आणि वर वरवंटाच आला. मनिषाचा चेहरा बदलला. "हे हातातल्या बॅगेत चालणार नाही. पुढं तपासणीत काढून ठेवतील. कुणाच्या डोक्यात घातला तर?"

"डोक्यात कशाला घालू बाई? बाळाच्या पाळण्यात घालायचाय."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. लेक, सात वर्षं, दानम्मा, उद्याचं बारसं. रांगेतला मागचा माणूस घड्याळ बघत होता, पण मनिषा ऐकत राहिली. तिच्याही घरी हे असंच करत असावेत. ती म्हणाली, "विमानाच्या पोटात गेला असता हो, काका. पण आज पोटात एक किलोही जास्तीचं घ्यायचं नाही असा निरोप आहे. विमान लहान, सगळ्या जागा भरलेल्या, त्यात हे ऊन. उन्हात ते कमी उचलतं."

एरवी मडिवाळप्पानं हे वाक्य तिथंच धरलं असतं. ऊन झालं की विमान कमी उचलतं, म्हणजे हमालासारखंच की ते. पण त्याचे हात वरवंट्यावर होते. आईवाचून बाळंतीण झालेल्या लेकीनं एक दगड मागितला होता. तो इथं काउंटरवर ठेवून रिकाम्या हातानं तिच्या दारात कसं उभं राहायचं? त्यापेक्षा परत फिरावं, असंही वाटून गेलं. पण परत फिरून तरी तोंड कुठं दाखवायचं?

शेवटी त्यानं मनात होतं तेच विचारलं. "बाई, एक सांगा. बॅगा तोलता. माणसाला का तोलत न्हाईत?"

"माणसाचं आमच्याकडं ठरलेलं असतं, काका. बारीक असो, जाड असो, कागदावर पंच्याहत्तर किलो धरायचं."

छत्तीस वर्षांत असा हिशोब त्यानं ऐकला नव्हता.

"मला बी पंच्याहत्तरच धरलंय का?"

"हो."

"मग माझ्या नावावर रिकामी जागा हाय की. मी बासष्ट. तेरा किलो माझे शिल्लक हायेत. त्यात हा चार किलोचा दगड बसत न्हाई का?"

मागचा घड्याळवाला माणूस हसला. मनिषाही हसली, पण हसता हसता तिनं फोन उचलला. दोन मिनिटांत रुद्रेश नावाचा एक जण आला. अंगात भडक पिवळं जाकीट, कानावर पेन. विमानात कुठं किती वजन बसवायचं याचा कागद तोच भरत होता. मनिषानं सांगितलं ते ऐकून तो मडिवाळप्पाकडं निरखून बघायला लागला.

"म्हणजे तुम्ही हितले मापाडी," मडिवाळप्पा म्हणाला.

"तसंच समजा. तुम्ही बासष्ट किलोचे वाटत नाही, काका."

"दसऱ्याला बासष्टच भरतो मी."

त्यामागंही एक रीत होती. दसऱ्याला मोंढ्यात काट्याची पूजा झाली की प्रत्येक मापाड्यानं एकदा स्वतः काट्यावर उभं राहायचं. जगाला तोलता, वर्षातून एकदा स्वतःला तोला. तो घरी आला की दानम्मा पुरणपोळी वाढता वाढता विचारायची, "किती भरलात?" तो म्हणायचा, "बासष्ट." त्यावर तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "बारदान कापून का?" आणि तो सांगायचा, "हाव. धोतर-पैरण कापून." मग ती खूष होऊन अजून एक पोळी टाकायची. ती गेल्यावर दोन दसरे आले. दोन्ही वेळेला तो काट्याची पूजा करून, नारळ फोडून, न तोलताच घरी गेला होता. तोलून सांगायचं कुणाला?

"या, उभे राहा," रुद्रेशनं बॅगांच्या काट्याकडं बोट दाखवलं. "लिहायचं तर खरं लिहू."

मडिवाळप्पा टोपी नीट करून काट्यावर चढला. समोर लाल आकडे पळाले आणि थांबले. एकोणपन्नास.

काटा चुकलाय असंच त्याला आधी वाटलं. पण काटा चुकला तर ते ज्याला पहिलं कळेल, तो माणूस तोच होता. अंगात धोतर, पैरण, जाड कोल्हापुरी, कमरेला चंची. सव्वा-दीड किलो तरी कापायला हवं होतं. शब्द सवयीनं जिभेवर आला होता. तो त्यानं गिळला.

"आजारी होता का काका?" मनिषानं विचारलं.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "एकटा जेवतो." आणि ते खरं होतं, आणि स्वतःच्या तोंडून ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. जिथं तिथं नाक खुपसणाऱ्या माणसानं आपल्या ताटात किती आणि पोटात किती एवढं एकदाही बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली. दानम्माची इतकी आठवण आली, की काट्यावरून उतरायचंही भान राहिलं नाही. रुद्रेशनं दंड धरून त्याला खाली घेतलं.

रुद्रेशनं कानावरचं पेन काढून कागदावर काहीतरी आकडा खोडला, दुसरा लिहिला, आणि कुठंतरी फोन करून विचारलं. मग वरवंटा स्वतःच्या हातानं एका खोक्यात ठेवला, झबली त्याच्या भोवती गुंडाळली आणि खोक्याला चिठ्ठी चिकटवली. "जाईल, काका. बेंगळूरला पट्ट्यावर येईल, तिथं उचला."

"डाळ तरी घ्या," मडिवाळप्पा म्हणाला.

"डाळ तुम्हीच खा," रुद्रेश म्हणाला.

आत बसायच्या जागेत थंडगार हवा होती आणि काचेपलीकडं ते लहानसं विमान उन्हात उभं होतं. त्याच्या पंखाखाली दोघं काहीतरी मोजत होते. एरवी त्यानं शेजाऱ्याला दहा प्रश्न विचारले असते. त्यानं उज्वलाला फोन लावला.

"दगड निघाला बग."

"आन तुम्ही?"

"मी बी. ऐक, तुझ्या सासूबाईला सांग, माझं ताट आज भरून वाढा म्हणाव."

"तुम्ही तर दोन घास खाऊन उठता, आप्पा. मागं आलता तवाबी तसंच."

"आज उठणार न्हाई. हितं तोलून घेतलं मी. एकोणपन्नास भरलो."

पलीकडं बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. उज्वला बोलली, आणि आवाज थेट तिच्या आईचा होता.

"बारदान कापून का?"

"न्हाई गं," मडिवाळप्पा म्हणाला. "बारदानासकट." आणि मग भर लोकांत, टोपी डोळ्यांवर धरून, तो रडला.

"या लवकर," ती म्हणाली. "ताट वाढायला सांगते."