झुंबराची डावी बाजू

सोन्याचा मुलामा दिलेलं झुंबर, त्यात दिवा मात्र एकही नाही.

दाढ काढायला आलेला आणि खुर्चीतच घोरू लागलेला बॉक्सर.

अल्युमिनियम म्हणजे जुनं, टँटलम म्हणजे नवं.

पायांत दोन वेगळ्या जोड्यांतले मोजे.

मोजे धाकटीचे. ती पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका, आणि बंद डब्यातलं ते झुंबर म्हणजे तिचा फ्रिज, अंतराळाहून थंड. त्याच्या तळाच्या प्लेटला दोन क्वांटम चिपा लटकत होत्या. नोंदीप्रमाणे डावीकडे टँटलमची नवी, जिच्यापायी ती तीन वर्षं राबली होती. उजवीकडे तुलनेला अल्युमिनियमची जुनी. क्वांटम अवस्था नवीत जास्त वेळ टिकायला हवी होती. टिकत होती जुनीत. महिनाभर मोजून तेच. या धातूत दम नाही, असं वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक पहिल्यापासून म्हणत होते. आता हार मानून सोमवारपासून फ्रिज त्यांना द्यायचा, असा निरोप लिहून ती पाठवायच्या बेतात होती.

तेवढ्यात थोरली तिला जेवायला न्यायला आली. ही दातांची डॉक्टर. बॉक्सरचा किस्सा मीठमसाला लावून सांगितला तरी बहीण हसेना, तेव्हा काय बिनसलंय ते तिनं हळूहळू हलवून हलवून बाहेर काढलं. मग भिंतीवरचा, चिपा बसवतानाचा फोटो न्याहाळला. त्यात प्लेट टेबलावर उताणी होती.

"टांगताना ही पालथी केलीत ना?"

"मग? अशीच टांगतात."

"अगं, मग हिची डावी उजवीकडे गेली की. पेशंटचं डावं ते आपलं उजवं, हे आमच्याकडून पहिल्या वर्षीच घोकून घेतात. नाहीतर भलतीच दाढ हातात येते."

"ताई, इथे सगळे पीएचडी आहेत."

"तेच म्हणतेय मी."

धाकटी ताडकन उठली. गारठ्यात दोन्ही धातू विजेला जराही अडवत नाहीत, पण ऊब लागली की अल्युमिनियम ही अतिवाहकता आधी सोडतं, टँटलम बरंच नंतर. फ्रिज हळूहळू तापवायचा आणि आधी कोण मान टाकतं ते बघायचं. दोघी पडद्यासमोर बसल्या. थोरलीनं पर्समधून बिस्किटं काढली. पुडा संपत आला तेव्हा 'नवी' म्हणून नोंदलेल्या चिपचा संकेत विझला. 'जुनी' ठणठणीत.

म्हणजे महिनाभर टिकत होती ती नवीच. धाकटीनं निरोप पुसून टाकला, बहिणीला घट्ट मिठी मारली आणि ओशाळून म्हणाली की जेवण पुढच्या रविवारी करू, आता सगळं पुन्हा थंड करून मोजायला हवं.

थोरलीनं हॉटेलात टेबल राखून ठेवायला सांगितलंच नव्हतं.