पश्चिम काठाचे आकडे

घड्याळजींनी दुकान बंद केलं, पण डोळ्याला लावायचं भिंग ठेवून घेतलं. ते आता माशांसाठी लागे. दर रविवारी सकाळी ते आणि त्यांचा प्लंबर मेव्हणा गावाबाहेरच्या तलावावर गळ टाकून बसत. घड्याळजी पूर्वेच्या काठाला, मेव्हणा पश्चिमेच्या. एका जागी बसलं की मेव्हण्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, म्हणून ही वाटणी.

एका संशोधन केंद्राने गळवाल्यांना आवाहन केलं होतं: पकडलेल्या माशाची लांबी मोजा, कल्ले उघडून आत चिकटलेले तांदळाच्या कणीएवढे परजीवी मोजा आणि तक्ता भरून पाठवा. दोघांनीही नाव नोंदवलं. घड्याळजींच्या तक्त्यात शून्य, तीन, सात, पुन्हा शून्य असे आकडे असत.

एका बुधवारी केंद्रातल्या बाईंचा फोन आला.

"तुमच्या मेव्हण्यांच्या तक्त्यात नेहमी पाच, दहा नाहीतर पंधरा. चौदा महिन्यांत एकदाही शून्य नाही. त्यांना थेट विचारायला संकोच वाटला."

"मी विचारतो," घड्याळजी म्हणाले. बायकोला त्यांनी काहीच सांगितलं नाही. भाऊ तिचा होता.

रविवारी ते पश्चिमेलाच घडीची खुर्ची मांडून बसले. तासाभराने मेव्हण्याला मासा लागला. त्याने कल्ल्यावरचं झाकण बोटाने उचललं, आत पाहिल्यासारखं केलं आणि पेन्सिल घेतली.

"किती?"

"दहा."

घड्याळजींनी मासा घेऊन भिंग लावलं. "दोन आहेत."

"आठाचाच तर फरक, दाजी."

"चेष्टा पुरे. केंद्रातून फोन आला होता."

मेव्हण्याने मासा पाण्यात सोडला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"दिसत नाहीत मला," तो म्हणाला. "कल्ल्यात नुसता लाल धूर दिसतो. लांबी मोजता येते, पट्टीच्या खाचा हाताला लागतात. नळाचे आटेसुद्धा बोटांना कळतात. पण ते कण कुठून मोजू? अंदाजाने लिहायचो."

"कधीपासून?"

"वर्ष तर झालंच."

"आणि आज गाडी तूच चालवत आणलीस!"

"ताईला सांगू नका. ती माझ्या बायकोच्या कानावर घालेल आणि किल्ली जाईल."

"जायलाच हवी."

घड्याळजी चिडले होते. वर्षभर समोरच्या काठावर बसून आपल्या हे लक्षात आलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. परतताना गाडी त्यांनी चालवली.

"केंद्राला पत्र कोण लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही लिहा, मी सही करतो. कुठे करायची तेवढं दाखवा."

बाईंचं उत्तर चार ओळींचं होतं: लांबीच्या नोंदी ठेवतो, परजीवींचे आकडे रद्द करतो, कळवल्याबद्दल आभार. मेव्हण्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दोन्ही शस्त्रक्रिया होईपर्यंत मेव्हणा घड्याळजींशेजारी बसून बडबड करत राहिला आणि मासे फारसे लागले नाहीत. पट्टी सुटल्यावर पहिल्याच माशाचे कल्ले त्याने इतका वेळ पाहिले की घड्याळजींना मासा पाण्यात सोडायची घाई करावी लागली.

"एक," मेव्हणा म्हणाला. एकच होता.

वर्षाअखेरीस केंद्राचा छापील अहवाल आला. परजीवींच्या नोंदी दाखवणाऱ्या तलावाच्या नकाशावर पूर्व काठ ठिपक्यांनी भरला होता, पश्चिम काठ जवळजवळ कोरा होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: नोंदी मागे घेतल्या.

मेव्हण्याने ती ओळ वाचली. मग अहवाल स्वयंपाकघरात नेऊन बायकोसमोर धरला.

"ही रिकामी जागा माझी," तो म्हणाला, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला बसला.