इओसेफाभाऊ बसेनात

"झैनब, खुर्च्या कुठे गेल्या?" इमामसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"कोठीत आहेत. किल्ली सापडत नाही."

किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मांगेरे या आमच्या उपनगरातल्या मशिदीच्या हॉलमध्ये त्या सकाळी सगळ्या धर्मांच्या लोकांची पोलिसांबरोबर बैठक होती. दर महिन्याला होते. कधी चर्चमध्ये, कधी गुरुद्वारात. पोलीस खुर्चीवर बसून 'काही अडचण असेल तर सांगा' म्हणतात, आम्ही समोसे खातो आणि घरी जातो. या वेळी इओसेफाभाऊ येणार होते, आणि मला खुर्च्या नको होत्या.

इओसेफाभाऊ माझे शेजारी. सामोआचे, सहा फुटांच्या वर उंच, शाळेत सफाईचं काम करून निवृत्त झालेले. माझा रफीक गेला तेव्हा माझे सख्खे दीर फिजीहून पोचायच्या आधी हा माणूस, त्यांच्यात शोकाला चटई नेतात तशी मांडीवर घरची चटई घेऊन, माझ्या दारात खाली बसला. दफन होईपर्यंत हलला नाही. तेवढं विसरले तर मला माणूस म्हणू नये.

सामोअन माणूस मानाच्या माणसापुढे ताठ उभा राहत नाही. खाली बसतो, मान झुकवतो. उन्हाळ्यात एका रविवारी चर्च सुटल्यावर, गाडीचा दिवा फुटलाय म्हणून एक तरुण पोलीस भाऊंकडे आला. भाऊ झटकन गवतावर बसले. तो म्हणाला, उभे राहा. पण वर्दीपेक्षा उंच व्हायला भाऊंचं अंग तयार होईना. ते आणखीच वाकले. पोलिसाला वाटलं, म्हातारा अडून बसलाय. त्याने दंड धरून ओढलं, गाडीवर दाबलं, खिसे तपासले. पांढऱ्या हॅट घातलेल्या साऱ्या बायका बघत राहिल्या. पुढे ठाण्यातून फोन आला, गैरसमज झाला म्हणून. झालं, संपलं.

पण भाऊ बसेनात. पाद्री घरी आले तरी हे खांबासारखे उभे. त्यांची बायको फेतू माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "झैनब, पाद्रीबाबांसमोर उभा राहतो गं! म्हणतो, बसलो की पुन्हा ओढून उठवतील."

त्या सकाळी बैठकीला तोच पोलीस आला. कॅलम त्याचं नाव, दक्षिणेकडच्या लहान गावातला. बूट काढले तर मोज्याला भोक, त्यातून अंगठा बाहेर. गुरुद्वाराचे सुरजनसिंग म्हणाले, "बायको नाही वाटतं अजून?" तो कानापर्यंत लाल झाला. खुर्ची शोधत त्याने चारी भिंती पाहिल्या.

"खालीच बस बाबा," मी म्हणाले. "सगळेच बसलेत."

तो कसाबसा बसला. तेवढ्यात भाऊ दारात आले. मागे फेतू, काखेत तिची चटई. कॅलम धडपडत उठायला लागला; त्याच्या घरी मोठ्यांसाठी उठून उभं राहायचं शिकवलेलं.

"उठू नकोस," मी हळूच म्हणाले. "त्यांच्याकडे मान देतात तो बसून. त्या दिवशी ते तुला मानच देत होते रे."

त्याचा चेहरा उतरला. तो तसाच खाली बसला आणि मान झुकवली. "चुकलो मी," तो गालिच्याकडे बघत म्हणाला. "मला माहीत नव्हतं. पण विचारायला हवं होतं."

भाऊ उभेच. फेतूने माझा हात घट्ट धरला.

मांडी घालायची सवय नसलेल्या कॅलमच्या पायाला पेटका आला. कळवळून त्याने दोन्ही पाय पसरले, ते थेट भाऊंकडे. चर्चमधून आलेल्या सामोअन बायकांनी तोंडावर हात ठेवले. वडीलधाऱ्या माणसाकडे न झाकलेले पाय करण्यासारखी दुसरी लाज नाही तिकडे. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तो आपली पोटरी चोळत होता.

भाऊंनी त्या पायांकडे पाहिलं. मग फेतूच्या काखेतली चटई घेतली. कंबरेत वाकून, सगळ्यांची माफी मागत ते बसलेल्या लोकांमधून पुढे आले आणि त्याच्यासमोर खाली बसले. मांडी घालून, पूर्वीसारखे. चटई उलगडून त्यांनी त्याचे दोन्ही पाय झाकले, भोकाच्या मोज्यासकट.

"आता पसर हवे तेवढे," ते म्हणाले. "आता कोणाला काही दिसत नाही."

माझे डोळे भरून आले. अल्लाचे किती आभार मानू ते मला कळेना. पदर नाकाला लावून मी चहा आणायला आत गेले.