साडूंचा पंखा

थोरल्या साडूचं तोंड बघितलं की धाकट्याचं पित्त खवळायचं, आणि तरी दर रविवारी सकाळी तेच तोंड बघायला तो आपल्या पायांनी शेडमध्ये जायचा. करणार काय! विमान दोघांचं होतं. दोन सीटचं, लाकडाचं आणि कापडाचं, घरीच बांधलेलं. इंजिन थोरल्याने बसवलेलं, पुढचा पंखा धाकट्याने कोरलेला. थोरला दातांचा डॉक्टर, धाकटा फर्निचरवाला, आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. नाहीतर हे दोघं एका छपराखाली पाच मिनिटं टिकले नसते.

भांडण कशावरून? तर सासुरवाडीला सगळे जेवायला जमलेले असताना धाकट्याने मोठ्या हौसेने नवाकोरा पंखा आणून दाखवला, आणि डॉक्टरसाहेब म्हणाले, "हा पंखा आहे की पलंगाचा पाय?" झालं! सासू हसली, मेहुणा हसला, धाकट्याची स्वतःची बायकोसुद्धा तोंडावर हात धरून हसली. अहो, त्या पंख्यापायी माणसाने हाताची सालटी काढली होती. त्या दिवशी जो अबोला सुरू झाला तो झालाच. मग शेडचे वार वाटून घेतले. सोमवार ते बुधवार थोरल्याचे, गुरुवार ते शनिवार धाकट्याचे. रविवारी मात्र दोघांनाही यावं लागायचं, कारण इंजिन चालवून बघायला माणसं लागतात. आत सीटवर धाकट्याची बायको बसायची. आपला हात पंख्याजवळ असताना इंजिन समोरच्याच्या ताब्यात, ही कल्पनाच दोघांना सहन होत नव्हती. इतका विश्वास!

मागच्या रविवारी विमान थरथरलं होतं. इंजिनावर एक यंत्र लावायचं, ते किती थरथर होते ते काट्याने दाखवतं. काटा हिरव्या पट्टीत राहिला तर ठीक, लाल पट्टीत गेला तर काहीतरी एका बाजूला जड आहे. काटा लाल पट्टीत गेला. थोरल्याने यंत्राकडेच बघत धाकट्याच्या बायकोला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, पुढच्या रविवारीही काटा इथेच आला तर हा पंखा काढायचा आणि कारखान्यातला आणायचा."

"त्यांना सांग," धाकटा म्हणाला, "पंख्यात खोट नाही. खोट त्यांच्या इंजिनात आहे. लोकांचे दात हलवून हलवून यांना हलण्याचीच सवय झाली आहे."

बोलायला बोलला, पण गुरुवारी त्याची पाळी येताच त्याने शेडचं दार आतून लावलं, पंखा काढून तोल बघायच्या स्टँडवर चढवला. काय बघतो तर एक पातं हळूहळू खाली गेलं आणि दुसरं वर. म्हणजे वरचं पातं हलकं होतं. पलंगाच्या पायात खोट निघाली होती! धाकट्याने तिथल्या तिथे स्वतःला चार शिव्या दिल्या, पाचवी थोरल्याला दिली आणि कामाला लागला. हलक्या पात्याच्या टोकाला व्हार्निशचा एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला, तिसरा दिला. शनिवारी पंखा स्टँडवर आडवा ठेवला तसा आडवाच राहिला. त्याने तो परत इंजिनावर बसवला, फडक्याने पुसला आणि घरी जाऊन बायकोला चकार शब्द सांगितला नाही. कशाला सांगायचं? उद्या काटा हिरव्यात येईल, थोरल्याचं थोबाड उतरेल, विषय संपला.

रविवारी बायको सीटवर बसली. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले. इंजिन सुरू झालं, वेग वाढला, आणि विमान असं काही थडथडायला लागलं की बायकोचा चष्मा नाकावरून उडाला. काटा पुन्हा लाल पट्टीत जाऊन टेकला. तिने झटकन इंजिन बंद केलं.

"अहो, काय करून ठेवलंय हे तुम्ही दोघांनी?" ती ओरडली. "माझी बत्तिशी पडली असती!"

थोरला पाना घेऊन पुढे आला. धाकट्याला वाटलं, संपलं, आता हा पंखा उतरवणार. त्याने थोरल्याला खांद्याने बाजूला सारलं आणि स्वतःच बोल्ट सोडवायला घेतले. परक्याने आपल्या पंख्याला हात लावलेला त्याला बघवला नसता. पंखा निघाला. त्याच्या मागे इंजिनाला एक पत्र्याची तबकडी असते, ती हाताने चाचपताना त्याच्या बोटांना मागच्या बाजूला काहीतरी लागलं. वाकून बघितलं. एकाच बाजूला स्क्रूने कसलेले वायसर होते, लोखंडी चकत्या एकावर एक.

धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे बघ! बघ गं, ये खाली!" त्याने बायकोला हाताला धरून ओढलं. "तुझे लाडके भाऊजी! माझा पंखा नापास व्हावा म्हणून मागून वजन लावून ठेवलंय. तू आत बसलेली असताना! माणूस आहे की खाटीक? पुन्हा माझ्या दारात पाय ठेवला तर तंगडी मोडीन, सांग त्याला!"

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. वर्षभरात पहिल्यांदा तो सरळ धाकट्याशी बोलला.

"वायसर मी लावले. मंगळवारी मी पंखा स्टँडवर घेतला होता. एक पातं हलकं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अंगावर आला असता. लाकूड तुमचं, त्याला मी हात लावला नाही. हलक्या बाजूला मागून तेवढंच वजन दिलं. वाटलं, काटा हिरव्यात येईल, पंखा राहील, कुणाला कळायचंही नाही."

 धाकट्याला सगळं कळलं. एकच खोट दोघांनी भरली होती, थोरल्याने मागून, धाकट्याने टोकाला. आता हलकं पातंच जड झालं होतं. तोंड उघडायचा अवकाश, कोडं सुटत होतं. पण त्यासाठी पंख्यात खोट होती हे कबूल करायला लागणार होतं, आणि तेही खाटीक म्हणून झाल्यावर, बायकोसमोर.

थोरला धाकट्याच्या बायकोकडे वळला. "तू एकदा विचार त्यांना. या आठवड्यात त्यांनी पंख्याला काही केलं का? काही लावलं, तासलं? माझा हिशोब जुळत नाही."

तिने नवऱ्याकडे बघितलं. "काही केलंत का हो?"

"मी कशाला हात लावू?" धाकटा म्हणाला. "माझा पंखा चांगलाच होता."

थोरल्याने मान हलवली. वायसर काढले, पंखा पुन्हा चढवला, बोल्ट कसले. बायको चष्मा सावरत परत आत बसली. इंजिन सुरू झालं, वेग वाढला, आणि काटा हिरव्या पट्टीच्या तळाशी जाऊन निवांत बसला. विमानाला जणू झोपच लागली. बायको आतूनच टाळ्या वाजवायला लागली. "अहो, बघा! बघा तुमचा पंखा!"

इंजिन थांबल्यावर थोरल्याने वाकून यंत्राकडे बघितलं.

"मग मागच्या रविवारची थरथर इंजिनाचीच होती, आणि आजची माझ्या वायसरांची," तो म्हणाला. "या आठवड्यात मी त्याचे बोल्ट आवळले, त्यानेच थांबली असणार. आणि पातं हलकं आहे असं मला नुसतंच वाटलं. माझ्या डोळ्यांना दिसलं होतं हो ते. शपथेवर सांगितलं असतं." त्याने चष्मा काढून पुसला.  "उद्या पेशंटच्या तोंडात हात घालताना विचार करायला हवा."

धाकट्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पंखा राहिला होता, थोबाड उतरलं होतं, बायको कौतुकाने बघत होती. आणि त्याला स्वतःची किळस आली. आत्ता सांग, तो मनात म्हणत होता. मेल्या, आत्ता तरी सांग.

थोरल्याने खिशातून शेडची किल्ली काढली आणि विमानाच्या पंखावर ठेवली.

"चूक माझी झाली. तेव्हा सासुरवाडीला बोललो तेही चुकलंच. माफ करा. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नसलेल्या माणसाने विमानात बसू नये. पहिलं उड्डाण तुम्ही करा, आणि दुसऱ्या सीटवर दुसरं कुणीतरी बघा."

धाकट्याने तोंड उघडलं.

"बरं," तो म्हणाला.