न लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. तीही दाराच्या आतल्या बाजूची. बाहेरच्या कडीला रोज कुलूप लागतं, हात लागतो, ती चकाकते. माझ्याकडे बघतंय कोण? पण आज माझं ऐकाच.

नळदुर्गाजवळ हमरस्त्यावर एका ट्रकचा पाटा मोडला. त्याच्या तुकड्यातून लोहारानं मला घडवलं. काय ते घाव, आई गं! मग चन्नबसप्पांनी मला जळकोटला आणलं आणि आपल्या नव्या घराच्या दाराला ठोकलं. ते रस्त्याच्या सरकारी खात्यात मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, कडेची झुडपं तोडायची, तुंबलेल्या पाण्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. रात्री जेवण झालं की दिवसाचं शेवटचं काम मात्र माझं. मला कोयंड्यात अडकवायचे, दोनदा ओढून बघायचे आणि बायकोला म्हणायचे, "शिवगंगा, कडी लावली गं. नीज आता." तापानं फणफणले तरी भिंत धरून यायचे, पण कधी चुकले नाहीत. केवढा मान होता माझा!

एके सकाळी ते भाकरी बांधून कामावर गेले आणि परत आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, चिठ्ठीचपाटी नाही. त्या रात्री शिवगंगानं दार नुसतं लोटून घेतलं. "रातीबेराती आले तर ताटकळत उभं ऱ्हायला नको," असं ती मलाच म्हणाली. दुसरं होतं कोण घरात? पोटी लेकरू नाही, सासूसासरे केव्हाच लिंगैक्य झालेले. तेव्हापासून मी नुसती लटकून राहिले.

इथंच तिची चूक झाली. खात्यातून माणूस चौकशीला आला, तर तिनं ठोकून दिलं, "भईणीकडं गेल्यात. बरं न्हाय त्यास्नी." नवऱ्याच्या नोकरीला डाग लागू नये एवढंच तिच्या मनात होतं. पोलिसांत जायचं तर घरची गोष्ट चावडीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटलं. खात्यानं तिकडं गैरहजर लिहून पगार थांबवला. बाई हमरस्त्यावरच्या ढाब्यावर भाकऱ्या थापायला जाऊ लागली. दिवसभर बाहेरच्या कडीला कुलूप, रात्री दार नुसतं लोटलेलं. मला गंज चढत गेला. मित्रांनो, घाव परवडले, पण कुणी हातच न लावणं लई वाईट.

अशी चार वर्षं गेली. मग चन्नबसप्पांच्या जोडीला काम करणारे बब्रुवान घरी आले.

"वहिनी, धुरात किती दिस काढणार? डोळे बघा की तुमचे. नोकरदार बेपत्ता झाला तर बायकोला पेन्शन मिळतंय, हक्क हाय तुमचा. पोलिसांत तक्रार द्या. हुडकून सापडला न्हाय, असं त्यांनी लिहून दिलं की झालं."

शिवगंगा भडकलीच. "म्हंजी म्या माझ्या तोंडानं त्यास्नी मेले म्हणू? जीभ झडंल माझी!"

"मेला कुठं म्हणायचंय? ते सात वर्षांनी कायदा म्हणतोय. आता नुसतं सापडंना म्हणायचं. अन् उद्या आला, तर घेतलेल्या पैशाचा हिशेब करू, असं लिहून द्यायचं. आला तर कुणाला नकोय, वहिनी?"

ती रडली, मग पदरानं तोंड पुसून तक्रार देऊन आली.

चौकशीला एक हवालदार आले. त्यांनी शेजारच्या विठाबाईला विचारलं. विठाबाई मनानं वाईट नाही हो, पण तिच्या जिभेला हाड नाही. "दार रातभर उघडंच असतंय. कोण येतंय, कोण जातंय, आमाला काय ठावं?" हवालदार हसले. "म्हंजी नवरा गुपचूप येऊन जातोय. पेन्शनसाठी बेपत्ता केलाय व्हय!" झालं, काम तिथंच अडलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं मी लागले नाही, आणि त्याचाच ठपका तिच्यावर!

त्या संध्याकाळी शिवगंगा दिवा लावून माझ्यापाशी आली. "लोकांसाठी लावतेच आता तुला," असं म्हणून ती मला उचलायला गेली. मी जागची हलेना. तिनं कोयंड्यात बोट घातलं आणि थबकली. तिथं कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. तिनं ते फोडलं नाही. हसली मात्र, कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी ती हवालदारांना घेऊनच आली. मागं बब्रुवान आणि विठाबाई.

"सायेब, लावा ही कडी."

त्यांनी जोर लावला. मी ढिम्म. त्यांची बोटं गंजानं तांबडी झाली. कोयंडा बघितला, तर भोक मातीनं बुजलेलं.

"माझा नवरा घरात निजला की ही कडी लागायचीच. इचारा बब्रुवान भाऊंना," शिवगंगा म्हणाली. "एक रात जरी ते आले असते, तर ही अशी ऱ्हायली असती का? यावेत म्हणून तर उघडं ठेवलं, सायेब. न्हाय आले."

विठाबाईनं पदर तोंडाला लावला. "चुकलं गं माझं, शिवगंगा." हवालदारांनी बोटं पुसली, खाली बसले आणि खरं तेच लिहिलं. शोध लागला नाही.

बघा मित्रांनो, ज्या गंजाची मला लाज वाटायची, तोच तिच्या कामी आला.

पेन्शन सुरू झालं. ढाबा सुटला. कुंभारणीची पिल्लं उडून गेल्यावर शिवगंगानं रिकामं घर हळूच खरवडलं, मला तेल चोळलं, पुढंमागं करून सैल केलं. आणि रात्री मला कोयंड्यात अडकवलं. दोनदा ओढून बघितलं, अगदी त्यांच्यासारखं.

"सरकारनंबी ते आले तर काय, म्हणून लिहून घेतलंय," ती मला म्हणाली. "मग तुला लावली म्हणून काय बिघडलं? वाजवतील की दार. घर त्यांचंच हाय."

मित्रांनो, तुमच्या घरच्या कड्यांना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि गल्लीत एखादं दार रात्रभर नुसतं लोटलेलं दिसलं, तर नावं ठेवू नका. जमलं तर घटकाभर त्या माणसापाशी जाऊन बसा.

मला आता रोज हात लागतो, गंज नाही, मानही परत मिळाला. पण खरं सांगू? वाऱ्यानं दार जरा हललं की मी खणकते. आत शिवगंगा उठून बसते. आम्ही दोघी कान देऊन ऐकतो. मग ती म्हणते, "वारं हाय गं. नीज आता."