मामांच्या खिशातला करारनामा

मी एक जुना करारनामा आहे. हसू नका, मित्रांनो. फाटक्या छत्रीची आणि म्हाताऱ्या सायकलीची कहाणी तुम्ही कौतुकाने ऐकता, मग एका पानाच्या कागदाने काय घोडे मारले आहे? माझ्या घड्या विरल्या आहेत, कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. पण आयुष्य मात्र मी रुबाबात काढले.

माझा जन्म समारंभ ठरवून देणाऱ्या एका ताईंच्या कचेरीत झाला. कचेरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. एका भिंतीवर पडद्यांच्या कापडांचे नमुने, कोपऱ्यात घडीच्या खुर्च्यांची चळत आणि खिडकीशी ताईंचे टेबल. लोकांची लग्ने, वाढदिवस, संमेलने ताई पार पाडायच्या. त्यांच्याबरोबर एक केकवाली होती, एक फुलवाला होता, आणि खुर्च्या व टेम्पो सांभाळायला ताईंचे सख्खे मामा होते.

माझ्याआधी माझा एक थोरला भाऊ होता. समारंभांची गुपिते राखण्याचा, सहा पानांचा, भारदस्त. ताईंनी तो एका कारखान्याच्या करारावरून उतरवून घेतला होता, त्यामुळे त्यात 'यंत्रांचे आराखडे उघड करू नयेत' हे कलमही तसेच राहून गेले होते. त्याला वाचतो कोण? सगळे शेवटचे पान उलटायचे आणि सही ठोकून मोकळे व्हायचे. पुढे व्हायचे तेच झाले. दोन भावंडांनी आईवडिलांच्या नकळत त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस ठरवला होता. केकवालीने नमुन्यादाखल तीन मजली केक केला, त्यावर दोघांची नावे आणि तारीख काढली, आणि हौसेने दुकानाच्या काचेत मांडला. ती आई रोज त्याच दुकानातून पाव न्यायची. सगळी गंमत तिथेच संपली. ताईंनी जाब विचारला तेव्हा केकवाली रडत म्हणाली, "पण यंत्रांबद्दल मी कुणाला एक शब्द बोलले नाही हो." आणि तेही खरेच होते.

त्याच दिवशी ताईंनी थोरल्या भावाची सहाही पाने पाठकोरी म्हणून हिशेबाला काढली आणि कोरा कागद घेऊन मला लिहिले. एकच पान, तेही रोजच्या भाषेत. समारंभ कोणाचा, केव्हा, कुठे आणि कोण येणार, हे बाहेर बोलायचे नाही. कोणी विचारले तर खोटेही सांगायचे नाही. 'मला सांगता येत नाही' एवढेच म्हणायचे. घरची माणसे बाहेरचीच धरायची. ज्यांचा समारंभ, त्यांनी स्वतः जाहीर केले की आपण सुटलो.

माझ्या वाट्याला पहिलेच काम आले ते एका नामवंत नटीच्या लग्नाचे. तिचे वडील मोठ्या दुखण्यातून नुकते कुठे उठून बसू लागले होते. डॉक्टरांनी बजावले होते, "दोन तास, आणि मोजकी चाळीस माणसं. गर्दी दिसली तर मी त्यांना गाडीतून उतरू देणार नाही." बातमी फुटली असती तर दारात कॅमेऱ्यांची झुंबड उडाली असती आणि लेकीचे लग्न वडिलांवाचून लागले असते. ती ताईंच्या समोर बसून हळूच म्हणाली, "बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चालेल. बाबा समोर बसलेले हवेत."

आता खरी पंचाईत होती ती मामांची. मामांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सगळी गल्ली त्यांना 'रेडिओ' म्हणायची. फुलवाला म्हणाला, "ताई, मामांना पत्ता सांगायचा असेल तर सरळ जाहिरातच देऊ या की. तेवढाच त्यांचा घसा वाचेल." सगळे हसले. मामा मात्र खाली बघत खुर्चीचा सैल स्क्रू पिळत राहिले. मला त्यांची फार दया आली.

ताईंनी मला मोठ्याने वाचले. मामा म्हणाले, "परत वाच." ताईंनी परत वाचले. "अजून एकदा," मामा म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ बरोबरीने हलत होते. मग त्यांनी इतक्या जोरात सही केली की पेनाचे टोक माझ्या पाठीतून बाहेर आले. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर ताईंनी माझी चौघडी घातली आणि मला मामांच्या खिशात ठेवले. "हा तुमच्याजवळ राहील, मामा." केकवालीने कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्याच दिवशी सलूनमध्ये एक बातमीदार शेजारच्या खुर्चीत दाढीला बसला आणि मामांना चिकटला. त्याने चहा मागवला. मामांच्या टेम्पोची तारीफ केली, मिशांची केली, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, "सध्या काही मोठं काम चालू आहे म्हणे?"

मामांचा हात खिशावर आला. मला त्यांची धडधड स्पष्ट ऐकू येत होती. "मला सांगता येत नाही," ते म्हणाले. त्याने सात वेळा विचारले. मामांनी सात वेळा तेच सांगितले. पण बोलल्याशिवाय राहतील ते मामा कसले? त्यांनी त्याला आपली गुडघेदुखी सांगितली. आधी उजव्या गुडघ्याची, मग डाव्याची. तासाभराने तो माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून पळाला. माझ्यावरचा चहाचा डाग त्याच विजयाचा आहे.

खरी परीक्षा पुढेच होती. मामी त्या नटीच्या निस्सीम चाहत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मामा नवा सदरा इस्त्री करत होते. मामींनी विचारले, "कुणाकडे जायचंय एवढं नटून?"

"मला सांगता येत नाही."

"बायकोला सांगता येत नाही?"

मामांनी इस्त्री आणखी जोरात फिरवली. मामींनी त्यांच्याशी बोलणे टाकले. उभ्या जन्मात मामा कोणाच्या अबोल्याला इतके घाबरले नव्हते, पण शब्द काही फुटला नाही.

लग्नाच्या सकाळी सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर एक झाडूवाला आणि एक झोपलेले कुत्रे, एवढीच काय ती गर्दी होती. गाडी आली. डॉक्टरांनी उतरून दोन्हीकडे पाहिले आणि मग दार उघडले. वडील काठी टेकत आत आले आणि मामांनी मांडलेल्या पहिल्या खुर्चीत बसले. लेकीने लग्नाच्या नोंदवहीत सही केली तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. दोन तास झाल्यावर डॉक्टरांनी घड्याळ दाखवले. वडील म्हणाले, "जेवल्याशिवाय कुठं निघालात? बसा." आणि आणखी दीड तास बसले! त्या दिवशी मामांच्या खिशात माझा ऊर इतका भरून आला की घडी उलगडते की काय असे वाटले.

दुसऱ्या दिवशी नटीने स्वतःच फोटो जाहीर केला. पहिल्या रांगेत वडील, आणि मागे खुर्ची धरून उभे असलेले आपले मामा. मामींनी वर्तमानपत्रातला तो फोटो दोनदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "एवढं पोटात ठेवलंत? तुम्ही?" आणि ती बातमी गल्लीभर त्यांनीच केली, अगदी मान ताठ करून.

आज ताईंकडे मोठमोठी कामे येतात आणि माझ्यावरून उतरवलेल्या नव्या करारनाम्यांवर रोज सह्या होतात. मी मामांच्या कपाटात सदऱ्यांखाली असतो. मित्रांनो, कोणी आपले गुपित तुमच्या हाती दिले तर ते जपा. त्यामागे कोणाचा तरी बाप समारंभाला यायचा असतो. कागद नुसती आठवण करून देतो. गप्प राहण्याचे कष्ट माणसालाच घ्यावे लागतात. ते मामांनी घेतले, म्हणून गल्लीतली माणसे हल्ली मनातले बोलायला त्यांच्याकडे येतात. परवा तो फुलवालासुद्धा आला. बराच वेळ उंबऱ्यात घुटमळला. मामांनी त्याला आत घेतले, दार लावले आणि म्हणाले, "बोल, ऐकतोय."